नव्वद अंशांपाशी थोडं बसू

आधी हात कीबोर्डवरून काढा. तापमान दाखवणारी खिडकी स्क्रीनवर उघडी असेल तर असू द्या. तिथे नव्वदचा आकडा आहे, मे महिन्याची दुपार आहे, आणि पैसे साठवून, एकेक भाग निवडून स्वतःच्या हातांनी जोडलेलं हे यंत्र डोळ्यांदेखत जळून जातंय की काय अशी धास्ती मनात आहे. त्या धास्तीत गैर काही नाही. पण तिच्या भरात लगेच काही उघडायचं नाही, काही मागवायचंही नाही. पुढचा काही वेळ आपण फक्त पाहणार आहोत, उष्णता कुठे जन्मते, कुठून कुठे जाते आणि कुठे अडते ते. स्क्रू ड्रायव्हर हाताशी ठेवा. त्याची पाळी येईल, पण उशिरा.

मन आधी जरा स्थिर होऊ दे. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एक चित्रफीत दाखवली होती. गेम चालू असतानाच प्रोसेसरवरचा हीटसिंक उचलून बाजूला ठेवला. तेव्हाचा एएमडीचा अ‍ॅथलॉन काही क्षणांत धूर सोडून कायमचा गेला. इंटेलचा पेंटियम ४ मात्र मंदावला, गेम रांगायला लागला, पण प्रोसेसर वाचला. आज तुमच्या मदरबोर्डावर जो बसला आहे, तो कोणत्याही कंपनीचा असो, त्याला ही स्वतःला सावरण्याची विद्या अवगत आहे. मर्यादा जवळ आली की तो आपला वेग उतरवतो, आणि तरीही तापतच राहिला तर यंत्र बंद करून टाकतो. म्हणजे आपल्याला वेळ आहे. खांदे सैल सोडा.

आता तो आकडा वाचू. नुसता नव्वद म्हणजे काहीच कळलं नाही. रायझन ५ ५६००एक्सची मर्यादा ९५ अंश आहे, रायझन ७ ५८००एक्सची ९०. इंटेलच्या अलीकडच्या बऱ्याच प्रोसेसरांची १००. २०२२ साली रायझन ७००० मालिका आली तेव्हा एएमडीने उघडच सांगितलं, की पूर्ण भारात ९५ अंशांपर्यंत जाणं या प्रोसेसरांच्या आखणीतच धरलेलं आहे. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे २०१७ चा रायझन ७ १८००एक्स. त्याचा सेन्सर खऱ्या तापमानात २० अंश मिळवून आकडा सांगायचा, आणि ते ठाऊक नसलेले कितीतरी लोक विनाकारण कूलर बदलत बसले असतील. म्हणून पहिला प्रश्न कूलरचा नव्हे. हा आकडा कोणत्या प्रोसेसरचा, कोणत्या कामात, किती वेळानंतरचा, आणि खोलीत तेव्हा किती अंश होते? ही चार उत्तरं कागदावर लिहा. खोलीचं तापमान बहुतेक जण लिहीतच नाहीत, आणि आपल्याकडे तर तेच सगळ्यात मोठं असतं.

विचार भरकटू नये म्हणून एकच यंत्र नजरेसमोर धरू. रायझन ७ ५८००एक्स, आठ कोअरचा. त्यावर उभा टॉवर एअर कूलर. कॅबिनेटला पुढे दोन पंखे, मागे एक. ठिकाण अकोला, कॉम्प्युटर टेबलाचा खालचा कप्पा, खोलीत ३८ अंश. तुमचं यंत्र वेगळं असेल. आकडे बदलून घ्या, उष्णतेची वाट तीच राहते.

नजर आत न्या. पंख्याच्या मागे, पत्र्यांच्या मागे, पेस्टच्या खाली, धातूच्या झाकणाच्याही खाली. तिथे सिलिकॉनचा एक तुकडा आहे, सुमारे ८० चौरस मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढा. आठही कोअर त्यातच आहेत. पूर्ण भारात हा प्रोसेसर १४२ वॉटपर्यंत वीज ओढतो आणि तिचा मोठा वाटा या एवढ्याशा जागेत येऊन पडतो. त्या विजेचं पुढे काय होतं, हे क्षणभर मनात घोळवा. आत गेलेली वीज जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. केलेल्या हिशेबाच्या पोटी तिच्यातलं काही साठून राहत नाही. आयबीएममधले रॉल्फ लँडाउअर १९६१ साली याच्या मुळाशी गेले. माहितीचा एक कण पुसायचा म्हटलं तरी ठरावीक किमान उष्णता बाहेर टाकावीच लागते, मग यंत्र कितीही कुशलतेनं बनवलेलं असो, असं त्यांनी मांडलं. ते किमान प्रमाण अतिसूक्ष्म आहे आणि आजचे प्रोसेसर त्याच्या हजारो पटींनी जास्त खर्चतात. तरी मला तो विचार फार जवळचा वाटतो. प्रोसेसर तापतो ही तक्रार होऊच शकत नाही. तक्रार एवढीच होऊ शकते, की तापलेलं बाहेर जात नाहीये.

आणि जाणार म्हणजे कुठे? सिलिकॉनमधून धातूच्या झाकणात, झाकणातून पेस्टमध्ये, पेस्टमधून कूलरच्या तळात, तिथून तांब्याच्या नळ्यांत, नळ्यांतून पातळ पत्र्यांत, पत्र्यांवरून हवेत, कॅबिनेटमधून खोलीत. डोळे मिटून ही वाट एकदा चालून या. मग पुन्हा एकदा. प्रत्येक टप्प्यावर उष्णता पुढे सरकते ती केवळ पुढचा टप्पा थोडा थंड आहे म्हणून. मध्ये कुठेही उष्णता नाहीशी होत नाही. कूलर तिला मारत नाही, फक्त पुढच्याच्या हाती सोपवतो. सगळ्यात शेवटी खोली आहे, आणि साधा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, मग तो कितीही महाग असो.

याचा हिशेब सरळ आहे. समजा डिसेंबरात खोली २२ अंशांवर होती आणि पूर्ण भारात प्रोसेसर ८० वर थांबत होता. फरक ५८ अंशांचा. आता खोली ३८ वर गेली. तेवढीच वीज ओढली जात असेल तर फरकही तेवढाच राहायला हवा, म्हणजे प्रोसेसर ९६ वर. पण ५८००एक्सला नव्वदच्या पुढे जायची मुभा नाही. मग तो वेग आणि वीज उतरवतो आणि ९० वर घट्ट उभा राहतो.

इथे जरा जास्त वेळ थांबा, कारण इथेच बहुतेकांची नजर फसते. मर्यादेपाशी पोचल्यावर तापमानाचा आकडा बोलायचा थांबतो. तुम्ही पेस्ट बदललीत, पंखा वाढवलात, तरी आकडा नव्वदच राहू शकतो. मग माणूस हताश होतो, सगळं करून काही उपयोग नाही म्हणतो. पण त्याच खिडकीत शेजारी वेग आणि वॉट दिसतात. कालपर्यंत नव्वद अंशांत ११० वॉट पेलणारा प्रोसेसर आज नव्वदलाच १३० वॉट पेलत असेल, तर वाट मोकळी झाली आहे. नव्वदपाशी पोचलेल्या यंत्राकडे बघताना तापमानावरची नजर काढून वॉटवर ठेवा.

आता काम सुरू करू. हे आकडे दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडा, यंत्र पाच मिनिटं स्वस्थ असू द्या, मग सिनेबेंचसारखी दहा मिनिटांची जड चाचणी लावा. ती चालू असताना दुसरं काही करू नका. फक्त बघा, तापमान कसं चढतं.

या चढण्यालाच एक आकार असतो. सिलिकॉनचा तुकडा एवढासा, त्याच्या अंगी उष्णता साठवायला जागा नाही. त्यामुळे त्याच्या लगतच अडथळा असेल, म्हणजे पेस्ट सुकलेली किंवा कूलर नीट टेकलेला नसेल, तर भार पडताच सेकंदा-दोन सेकंदांत आकडा नव्वदला भिडतो आणि भार निघताच धाडकन खाली येतो. कूलरचा धातू जड असतो, त्याला तापायला मिनिटं लागतात. कॅबिनेटमधली हवा आणि तिच्याभोवतीचं लाकूड-पत्रा यांना आणखी वेळ लागतो. म्हणून आकडा आधी सत्तरवर ठीक थांबला आणि मग दहा मिनिटांत हळूहळू ऐंशीपार सरकत गेला, तर दोष बाहेरच्या टप्प्यांत शोधायचा. उष्णता दूर कुठेतरी तुंबते आहे आणि पाठीमागे सगळी रांग खोळंबली आहे. एक सांगून ठेवतो. ५८००एक्ससारख्या प्रोसेसरमध्ये नखाएवढ्या जागेत एवढी वीज येते, की सगळं नीट असलं तरी पहिली उडी मोठीच असते. म्हणून नुसत्या त्या उडीवरून निकाल देऊ नका. आणि यंत्र स्वस्थ असताना आकडा चाळिसावरून साठवर उडी मारून परत येत असेल तर काळजी सोडा. मागे काहीतरी किरकोळ काम जागं झालं, दुसरं काही नाही.

एक अवस्था याहून वेगळी असते. यंत्र सुरू केलं, अजून बायोसच्याच पडद्यावर आहे, काम काही नाही, तरी आकडा एकसारखा वर चाललाय, साठ, सत्तर, पंचाऐंशी. तिथे मनन थांबवा, यंत्र बंद करा. एक तर कूलर प्रोसेसरला टेकलेलाच नाही, किंवा लिक्विड कूलरचा पंप फिरत नाही, किंवा कूलरच्या तळावरची पारदर्शक फिल्म काढायची राहून गेली आहे.

तसं काही नसेल तर आता हात वापरा. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा आणि तीच चाचणी पुन्हा लावा. आकडा पाच-दहा अंशांनी उतरला, किंवा नव्वदलाच राहून वॉट वाढले, तर कॅबिनेटमध्ये हवा कोंडते आहे. काहीच फरक पडला नाही तर दोष आत, कूलरपाशी. फिरत्या पंख्यापासून बोटं लांब ठेवून कूलरच्या पत्र्यांना बाजूनं हलकेच स्पर्श करा. सेन्सर नव्वद सांगतोय आणि पत्रे जेमतेम कोमट, म्हणजे उष्णता त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. पत्रे चांगलेच गरम आहेत, म्हणजे पोचली आहे, हवा तिला नेत नाही. या दोन प्रयोगांनी निम्मी वाट तपासून होते आणि खर्च शून्य.

हवेची बाजू आधी बघू, कारण आपल्या घरांत दोष बहुधा तिथेच सापडतो. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड सगळं धरून यंत्र ३०० वॉट उष्णता टाकत असेल आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहाच अंशांनी गरम व्हावी अशी अपेक्षा असेल, तर दर सेकंदाला सुमारे २५ लिटर हवा कॅबिनेटमधून वाहायला हवी. हा आकडा मनात ठेवून टेबलाच्या त्या कप्प्याकडे पाहा. मागे प्लायवूड, त्याला वायरींपुरतं भोक. पुढे दार. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा. कॅबिनेटमधून बाहेर पडलेली गरम हवा कुठे जाणार? तीच वळून पुढच्या पंख्यांनी परत आत ओढली जाते. कप्पा बनवणाऱ्याच्या मनात यंत्राला धूळ लागू नये एवढंच होतं, आणि ते काळजीपोटीच होतं. पण यंत्राला बाहेर काढा. टेबलाशेजारी, जमिनीपासून थोडं उंच, भिंतीपासून वीतभर लांब. पैसे खर्चून केलेल्या कितीतरी उपायांपेक्षा हे एक सरकवणं मोलाचं ठरतं, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मग पंख्यांच्या दिशा. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या काड्यांची चौकट असते तिकडून हवा बाहेर पडते. पुढचे आत घेणारे, मागचा बाहेर टाकणारा, आणि कूलरवरचा पंखा मागच्याकडे तोंड करून. एखादा उलटा बसला की दोन प्रवाह एकमेकांना अडवतात. धुळीच्या जाळ्या काढून धुवा, पूर्ण वाळवून बसवा. पत्र्यांमधली धूळ ब्लोअरनं उडवताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेच्या जोरानं ते भलत्या वेगानं फिरतं आणि बेअरिंगचं नुकसान होतं.

आता खोली. वैशाखात वऱ्हाडात दुपारी खिडकीतला कूलर चालू होतो, ताट्या भिजतात, आणि बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस असताना आत तेहतीस-चौतीस होतं. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेऊन जातं. प्रोसेसरवरच्या तांब्याच्या नळ्या आतून नेमक्या याच तत्त्वावर चालतात. नळी बंद असते, तिच्यातली हवा काढलेली, आत थोडंसं पाणी. गरम टोकाशी त्याची वाफ होते, थंड टोकाशी पत्र्यांजवळ तिचं पुन्हा पाणी होतं, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते झिरपत मागे येतं. १९६३ साली लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशी नळी सिद्ध केली. एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता उचलतं, म्हणजे १४२ वॉट न्यायला सतरा सेकंदांना एक ग्रॅम पुरे. एवढंसं पाणी, ना पंप ना आवाज, वर्षानुवर्षं तेच चक्र. चाचणी चालू असताना एकदा त्या नळ्यांकडे बघत हे आठवा. वॉट तेवढेच असतील तर खोली दहा अंशांनी उतरली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच उतरतो. फक्त खिडकीतल्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. त्यात पाण्याचे तुषार असतात, आणि पाण्यातले क्षार आत जाऊन बसतात.

लिक्विड कूलर असणाऱ्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. पंपाचा आरपीएम शून्य तर नाही ना, रेडिएटरचा वरचा काठ पंपापेक्षा उंच आहे ना, आणि रेडिएटरच्या पत्र्यांत धूळ.

एवढं सगळं झाल्यावर, आणि पत्रे कोमट निघाले असतील तरच, स्क्रू ड्रायव्हर उचला. यंत्र दहा मिनिटं चालवून बंद करा, म्हणजे पेस्ट मऊ झालेली असेल. वायर काढा. स्क्रू सैल करून कूलर सरळ वर ओढू नका. आधी हलकेच डावी-उजवीकडे फिरवा. या पिढीच्या रायझनच्या पोटाखाली १३३१ पिना असतात, आणि सुकलेल्या पेस्टनं धरून ठेवलेला प्रोसेसर सॉकेट बंद असतानाही कूलरसोबत उपटून वर येऊ शकतो. इथे घाई केली की पिना वाकतात.

कूलर निघाला की लगेच पुसायला धावू नका. दोन्ही पृष्ठभागांवर उमटलेला पेस्टचा ठसा नीट वाचा. अकोल्यात माझ्या भाच्याचं यंत्र असंच उघडलं होतं. झाकणाच्या दोन कोपऱ्यांना पेस्ट जाड, करडी, बोटानं उचलता येईल अशी साचलेली. समोरच्या दोन कोपऱ्यांना इतकी विरळ, की खालची धातूवरची अक्षरं दिसत होती. कूलर तिरका बसला होता. एका बाजूचा स्क्रू आधी पूर्ण आवळला गेला होता आणि दुसऱ्याला मग तेवढं खाली जाताच आलं नव्हतं. पोरगा किती तरी वेळ त्या ठशाकडे टक लावून बघत होता. नंतर त्यानं स्वतःच कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं आणि दोन्ही बाजू आरशासारख्या लखलखीत केल्या. मी नुसता टॉर्च धरून उभा होतो.

पेस्ट लावण्याआधी हे समजून घ्या. तांबं उष्णता वाहून नेतं सुमारे ४०० च्या मापानं, चांगली पेस्ट पाच ते दहाच्या, आणि हवा ०.०२६ च्या. धातूचे पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म खड्डे असतात आणि त्या खड्ड्यांत हवा. पेस्टचं काम त्या हवेला हुसकावण्यापुरतंच आहे. हवेपेक्षा ती शेकडो पट बरी, पण तांब्याच्या मानानं अडथळाच. म्हणून मधोमध वाटाण्याएवढी पुरे. कूलर सरळ टेकवा, स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांना थोडे थोडे, आळीपाळीनं आवळत जा. हात मंद ठेवा. प्रत्येक फेऱ्यात दाब सारखा वाढतोय का ते बोटांना कळतं.

आता पुन्हा तीच दहा मिनिटांची चाचणी. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तीच चाचणी. दोन गोष्टी एकदम केल्यात तर कशानं फरक पडला हे कधीच कळणार नाही.

वाट मोकळी आहे, खोली तरीही ३८ वर आहे, आणि वॉट अजून तुम्हाला हवे तेवढे पेलले जात नाहीत, असंही होईल. तेव्हा उगमाकडे वळा. प्रोसेसरची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरलं तर त्याच वेगाला वीज सुमारे एकोणीस टक्क्यांनी उतरते. बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर आहे, त्यात प्रत्येक कोअरला उणे पाच, उणे दहा असं पायरीपायरीनं खाली आणत, दर पायरीला यंत्र स्थिर आहे का ते तपासत जाता येतं. ते नको असेल तर इको मोड आहे, १०५ वॉटच्या वर्गातल्या प्रोसेसरला ६५ च्या वर्गात आणणारा. रोजच्या लिहिण्या-वाचण्यात, कोडिंगमध्ये, बहुतेक खेळांतही त्यानं गेलेला वेग जाणवत नाही. उन्हाळाभर इको मोड ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं, त्यात कमीपणा काही नाही. उलट काही मदरबोर्ड प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीच्या मर्यादेपेक्षा जास्त वीज आपणहून सोडतात, इंटेल प्रोसेसरांच्या बोर्डांवर मल्टीकोर एन्हान्समेंट या नावानं. ते चालू असेल तर बंद करून पाहा.

शेवटी वहीत एक ओळ लिहा. तारीख, खोली किती, स्वस्थ असताना किती, दहा मिनिटांनंतर किती, वॉट किती, पंख्याचा आरपीएम किती. दिवाळीनंतर खोली पंचविसावर आली की हीच चाचणी लावून खाली दुसरी ओळ लिहा आणि दोन्ही ओळींतला खोली ते प्रोसेसर हा फरक वजाबाकी करून पाहा. वॉट सारखे असूनही तो पाच-सात अंशांनी वाढलेला दिसला तर आधी जाळ्या धुवा, आणि त्यानं भागलं नाही तर पेस्ट.